पुसलेल्या त्रेचाळीस फायली

३ सप्टेंबर, मंगळवार

उघडत नाही!

पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटरने नेहमीसारखा 'टुंग' आवाज केला आणि मग पडद्यावर पाटी आली— ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं. हो. नाही. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, पण इतकं निर्दय वाक्य कधी नजरेखालून गेलं नाही. फॉरमॅट म्हणजे सगळं साफ, एवढं मुलीने बजावून ठेवलं आहे. दुधावरची साय उचलावी तसा हात नेला आणि 'नाही' दाबलं.

एकशे बारा कविता आहेत त्यात. पहिली ते सातवी, माझ्या लहानपणीच्या पुस्तकांतल्या, चाली लावून म्हटलेल्या. माझ्या आवाजात. दुसरी प्रत नाही.

आणि अठ्ठावीस तारखेला वाचनालयात मुलांना ऐकवायच्या आहेत. वाचनालयाच्या बाईंनी फळ्यावर माझं नाव रंगीत खडूने लिहिलंय.

४ सप्टेंबर, बुधवार

मुलीला फोन केला. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते, घाईत बोलते.

"दुसऱ्या खाचेत लावून बघा, बाबा."

लावला.

"मागच्या बाजूच्या खाचा चांगल्या असतात. तिथे लावा."

म्हटलं, मला मागे वाकता येत नाही.

"मग इतके दिवस कोण वाकत होतं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. आई गेल्यापासून ही असं बोलते. प्रत्येक वाक्याच्या टोकाला एक टाचणी.

टेबल ओढून, गुडघ्यावर बसून मागे लावलाच. तीच पाटी. एकदा मात्र क्षणभर यादी दिसली— ००१, ००२, ००३... जिवात जीव आला आणि लगेच यादी गेली. काढून पुन्हा लावला, नाही. डाव्या बाजूला किंचित दाबून धरला की 'टुंग' होतं, सोडलं की गप्प. म्हणजे आत सगळं आहे! नुसतं टोक सैल झालंय. मीच तो नेहमी तिरका ओढून काढतो. मुलगी म्हणते आधी कॉम्प्युटरला विचारून मग काढायचा. माझ्या घरात मी कुणाला विचारायचं?

५ सप्टेंबर, गुरुवार

टोकाच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या. माझा जुना, छापखान्यातला, एका बाजूने झिजून होडीसारखा झालेला. पट्ट्या चमकल्या. उपयोग नाही.

दुपारी खिडकीशी बसून ओढ्याची कविता मनात म्हटली. चौथीच्या पुस्तकात डाव्या पानावर होती, वर शाईचं चित्र— ओढा, झाड आणि एक मोठा दगड.

ओढ्याकाठी शिळा एकटी,
पाणी पुढुनी जाई दूर;
कुणी न ऐके तिचे बोलणे,
पाण्याचा पण मोठा सूर.

मनात ठीक. मोठ्याने म्हणायची सोय राहिली नाही. चैत्रात दात काढले, कवळी बसवली, तेव्हापासून प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. 'सूर' म्हटलं की कुणीतरी कुत्र्याला बोलावतंय असं वाटतं. म्हणून तर ते जुने, अस्सल दातांचे आवाज हवेत.

६ सप्टेंबर, शुक्रवार

खिळेमास्तर आला. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा तो, तेव्हापासूनचं नाव. मला तो कानामात्रा म्हणतो. दर शुक्रवारी येतो, चहा पितो, माझ्या भिंतीला पोपडे किती वाढले ते मोजतो.

पेनड्राइव्ह दाखवला. डोळ्याजवळ धरून म्हणाला, "अरे, हा वाकलाय! दिसत नाही का तुला? लोकांच्या वेलांट्या शोधण्यात जन्म गेला, डोळ्यासमोरचं वाकडं दिसत नाही."

म्हटलं, मग सरळ करून दाखव.

"खिळे वर आले की काय करायचो आपण? बोटांनी दाबत बसायचो?"

आणि उठून घरी गेला— दोन घरं सोडूनच राहतो— आणि तो लाकडी ठोकळा आणि मोगरी घेऊन आला! जुळवलेल्या पानांचा फर्मा चौकटीत आवळला की वर ठोकळा ठेवून मोगरीने हलके हलके ठोकायचं, सगळे खिळे एका पातळीत बसतात. निवृत्त होताना त्याने घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि ही दोन लाकडं मागून घेतली. मला गहिवरून आलं ते बघून. शाईचा वास अजून येतो त्याला.

पेनड्राइव्ह टेबलावर आडवा ठेवला, टोकावर ठोकळा. टक. टक. टक. काय तो नाद! मी डोळे मिटले. चाळीस वर्षांपूर्वीची दुपार, वर पंखे, खाली यंत्रांची धडधड, आणि आम्ही दोघे तरणेबांड.

चौथ्या ठोक्याला वेगळा आवाज आला. बारीक. सुपारी फुटल्यासारखा.

७ सप्टेंबर, शनिवार

आता 'टुंग'सुद्धा होत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

खिळेमास्तर दोनदा दारात येऊन गेला. पहिल्यांदा उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि म्हटलं, हाताला कळत होतं तेव्हाही तुला मालकाने सर्वांत आधी काढला, ते उगाच नाही.

तोंड पडलं त्याचं. मालकाने परत घेईपर्यंत दोन वर्षं त्याला काम नव्हतं, बायकोने लोकांचे कपडे शिवून घर चालवलं. मला ठाऊक आहे. ठाऊक होतं म्हणूनच म्हटलं.

ठोकळा आणि मोगरी टेबलावरच राहिली आहेत. न्यायचं भान राहिलं नाही त्याला.

१० सप्टेंबर, मंगळवार

मुलगी रजा टाकून आली. बसथांब्यामागच्या बोळात, किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी, एक दुरुस्तीवाली बसते. चाळिशीची, कपाळावर भिंग, समोर उघडी पोटं पडलेले फोन. पेनड्राइव्हचं कवच नखाने काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी ठोकलंय?"

"मित्राने."

"एवढा जवळचा मित्र?"

मुलगी हसली. किती महिन्यांनी हसली, आणि ते माझ्यावर!

दुरुस्तीवालीने भिंग खाली ओढून सांगितलं. टोक नुसतं सैल होतं, दोन ठिकाणी सोल्डरचा डाग दिला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं. आता आतल्या चिपला तडा आहे. मेली असेल किंवा अर्धी जगली असेल. आठवडा लागेल. जे निघेल ते नव्या पेनड्राइव्हवर देईन, नाही निघालं तर रडायचं नाही.

पावतीवर फोन नंबर विचारला. मुलगी म्हणाली, "माझा लिहा. बाबा फोन उचलत नाहीत. त्यांना वाटतं वाजून वाजून आपोआप दमेल."

बसथांब्यावर उभे होतो. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, त्यात आईचा आवाज असेल ना कुठेतरी?"

मी विचारलं, कशाला?

"माझ्याकडे नाहीये. फोटो आहेत ढीगभर. आवाज एकही नाही. तीच हातात धरून बसायची ना तो रेकॉर्डर? कुठेतरी एखादं 'अहो' तरी असेल."

म्हटलं, अजिबात नाही! छातीवर हात ठेवून सांगितलं. एकेक फाईल तीन-तीनदा ऐकली आहे मी. कुठे बांगडी वाजली, कुठे ती बोलली, श्वास मोठा आला, की ती फाईल पुसायची आणि कविता पुन्हा पहिल्यापासून. एकशे बारा कवितांत तिचा एक निःश्वास सापडणार नाही. शुद्ध प्रत.

"पुसायची," मुलगी म्हणाली. एवढंच. मग बस आली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

निरोप नाही. वाचनालयाच्या बाई रस्त्यात भेटल्या. "मुलं वाट बघतायत हं!" मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर शिट्टी वाजली असती.

१४ सप्टेंबर, शनिवार

ते दिवस काय होते!

मागची खोली. दुपारी तीन. बाहेरची दुनिया झोपलेली. खिडकीला दुलई लावून बंद केलेली, म्हणजे रस्त्याचा आवाज नको. पंखा बंद. रेकॉर्डर टेबलावर ठेवला तर टेबलाची थरथर त्यात येते, हे मी शोधून काढलं होतं. माझ्या हाताला कंप. मग ही समोरच्या स्टुलावर बसायची आणि माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर तो धरायची. वीत म्हणजे वीत. पहिल्या दिवशी मी माझ्या हाताने मोजून दिली होती.

पावणेदोन वर्षं, आठवड्यातून चार दुपारी. मी म्हणायचो आणि ती ऐकायची. डोळे किंचित पाणावलेले. कितीदा वाटलं, शाळेत असताना हिच्यासारखी कुणी शेजारच्या बाकावर असती तर! तिला कविता फारशी कळत नसे, पण माझ्या आवाजाने तिचे डोळे भरून यायचे, हे काय कमी आहे? लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर किती जणांच्या बायका अशा ऐकत बसतात?

डिसेंबरात गेली. दोन महिने दुखणं. फुप्फुसं. एकाएकी झालं सगळं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुलीचा फोन आला, नवाच सूर. सपाट.

"तयार आहे म्हणे. तुम्ही जाऊन घेऊन या. मला जमणार नाही."

विचारलं, किती निघालं?

"जाऊन बघा ना."

विचारलं, बरी आहेस ना? तोपर्यंत फोन ठेवला होता.

१८ सप्टेंबर, बुधवार

दुरुस्तीवालीने स्टूल पुढे केलं. मागच्या खेपेला केलं नव्हतं.

म्हणाली, "काका, चांगली बातमी नाही. चिपचा जो भाग फुटला, तुमच्या एकशे बारा फायली तिथेच होत्या. त्या गेल्या. एकही नाही निघाली."

तिने पाण्याचा पेला सरकवला.

"पण दुसऱ्या भागात त्रेचाळीस निघाल्या. तुम्ही पुसलेल्या."

म्हटलं, पुसलेल्या कशा निघतील? मी स्वतः पुसल्यात.

"पुसलेलं जात नसतं, काका. यादीतलं नाव फक्त जातं. मजकूर तिथेच पडून असतो, वरून दुसरं काही येऊन बसेपर्यंत. तुम्ही छापखान्यातले ना? ताई म्हणाल्या. तुम्ही ओळीवर काट मारता, पण खालची ओळ वाचता येतेच की."

हे मला अडतीस वर्षांत कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हटलं, एखादी वाजवा. तिने मान हलवली.

"घरी ऐका. मी तपासायला ऐकल्यात." भिंग पुसत म्हणाली, "सगळ्या नाही ऐकल्या. पाच-सहानंतर नाही ऐकल्या."

नवा पेनड्राइव्ह हातात दिला. निघताना पाठीमागून म्हणाली, "सरळ ओढून काढा आता."

१९ सप्टेंबर, गुरुवार

पहिली फाईल. खडखड. मग माझा आवाज. काय खणखणीत! 'स' कसा स्वच्छ, नव्या निबासारखा. दोन ओळी झाल्या आणि खोकला. हिचा. यंत्र तिच्याच हातात, म्हणून खोकला माझ्या आवाजापेक्षा मोठा. मग मी— "झालं! घातलीस माती?" आणि ती, "अहो, ठसका लागला." आणि मी, "ठसका मेला माझ्याच कवितेला बरा लागतो!" खट्. बंद.

दुसरी. चार ओळी. खोकला. "पुन्हा? मुद्दाम करतेस का?" खट्.

सातवी. तिने काहीतरी तोंडात कोंबलंय, घुसमट ऐकू येते, आणि मी कवितेतला पाऊस सांगतोय. मग रुमाल बाहेर, मग खोकला, लांबलचक. तो थांबेपर्यंत मी थांबलो आणि म्हणालो, "कोंबडं आवरलं का?"

हे मी म्हणालो?

आवाज माझाच आहे. कानामात्रेची चूक नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

अकरा ते सव्वीस ऐकल्या. मध्ये जेवलो नाही.

प्रत्येक फाईल तीच आहे. मी म्हणतो, ती खोकते, मी बोलतो, बंद. माझी बोलणी मात्र प्रत्येक वेळी निराळी. किती सुचायचं मला! "तुझ्या आईने गायला नाही तर खोकायला शिकवलंय." "जा, जिन्यात बस आणि पोटभर खोकून ये, मला वेळ आहे." "वीत म्हटलं होतं, वीत! हात का थरथरतोय? तुलाही म्हातारपण आलं का माझ्या आधी?" एकीत ती हसते. खरंच हसते, माझ्या बोलण्यावर. मग त्या हसण्यातूनच खोकला.

डोळे पाणावलेले का असायचे, ते कळलं. दाबून धरला की येतंच पाणी.

खिळेमास्तर आज आला नाही. शुक्रवार असून.

२१ सप्टेंबर, शनिवार

फायलींना तारखा आहेत. दुरुस्तीवालीने यादी छापून दिली आहे, तारखांसकट. ही बाई छापखान्यात असती तर मालकाने मला ठेवला नसता.

पहिला खोकला— गेल्याच्या गेल्या वर्षीचा जुलै. ती गेली त्याआधी सतरा महिने.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी विचारलं होतं, खोकला किती दिवस? मी सांगितलं, पंधरा दिवस. पटकन सांगितलं, कारण मला तेवढाच आठवत होता. डॉक्टरांनी हिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "हो. पंधराच." त्यांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की हे पंधरा दिवसांचं दुखणं नाही, वर्षाआधी आणलं असतं तर बोलता आलं असतं काहीतरी. मी घरी येऊन मुलीला म्हटलं, डॉक्टरच बावळट आहे.

शेवटची फाईल ऐकली. त्रेचाळिसावी. ओढ्याची कविता. तिचा आवाज आधी आहे, अगदी हळू, घोगरा—

"अहो, थोडं पाणी पिऊन येऊ का?"

मी— "कविता संपल्यावर. जीव नाही जात एवढ्याने."

आणि मग चारही ओळी, सलग, ती एकदाही न खोकता. इतकी सुंदर मी कधी म्हटली नव्हती. पाण्याचा पण मोठा सूर— तो 'सूर' लांबवलाय, हवेत सोडलाय. मग धप्प असा आवाज. रेकॉर्डर पडला. स्टूल सरकलं. आणि मी ओरडतोय, "एवढी झाली होती गं! एवढी झाली होती!"

२२ सप्टेंबर, रविवार

मुलगी दुपारी येणार हे ठाऊक होतं. सकाळी कॉम्प्युटर लावला. पेनड्राइव्ह लावला. यादी दिसली, त्रेचाळीस ओळी, सगळ्या नीट उघडणाऱ्या. मग मी स्वतः होऊन ते बटण शोधलं. फॉरमॅट. सगळं पुसलं जाईल, करायचं का?

हो.

किती पटकन होतं! सहा सेकंद.

मग दुरुस्तीवालीचं बोलणं आठवलं. पुसलेलं जात नसतं. पेनड्राइव्ह टेबलावर आडवा ठेवला. ठोकळा होताच, मोगरी होतीच. माझा हात कापतो, पण जवळून काय नेम लागतो! या वेळी हलके हलके नाही.

अशुद्ध प्रत बाहेर जाऊ द्यायची नाही. अडतीस वर्षं हेच केलं. त्यात लाज कसली? मुलीने काय करायचं होतं ते ऐकून? तिला आईचा आवाज हवा होता, खोकला नव्हे. मी तिचंच दुःख वाचवलं.

ती तीनला आली. चप्पल काढली नाही. विचारलं, "काय निघालं, बाबा?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"चिपच मेलेली. एवढं करून हे हातात आलं." मी तुकडे दाखवले. ते बघत राहिली. मोगरीकडे पण बघितलं. पर्समध्ये हात घातला, आत काहीतरी प्लास्टिकचं खुट् वाजलं, हात तसाच ठेवला, मग बाहेर काढला. रिकामा.

"आईला खोकला कधीपासून होता, बाबा?"

आता हे कुठून आलं! म्हटलं, तुला माहीत आहे की. पंधरा दिवस. फार तर महिना.

"मी रोज शंभर माणसांना विचारते, खोकला कधीपासून. आईला कधी विचारलं नाही. फोनवर ती म्हणायची, थांब हं, दारावर कोणीतरी आलंय. आणि फोन ठेवायची. तुमच्या दारावर एवढी माणसं कोण येत होती?"

मी म्हटलं, झालं ते झालं.

"शेवटचं विचारते. त्यातून काही ऐकू आलं नाही तुम्हाला?"

"शपथ," मी म्हटलं.

ती उठली. चहा टाकला होता, तो नको म्हणाली. पायऱ्या उतरताना मागे वळून बघते नेहमी. आज नाही. नोकरीचा ताण असेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

घशात खवखव. ढगाळ हवा आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

खिळेमास्तर मोगरी न्यायला आला. दारातच उभा. मोगरी उलटसुलट करून बघितली. तोंडावर बारीक चरे पडले आहेत, काळ्या प्लास्टिकचे कण. त्याला कळलं. लाकडाला काय लागलंय ते त्याला नेहमी कळतं.

म्हणाला, "यात वहिनींचं काही होतं का रे?"

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं? दुपारी मी जिना चढायचो तेव्हा त्या तिसऱ्या पायरीवर बसलेल्या असायच्या. रुमाल तोंडाला. दोनदा मी घरून पाणी आणून दिलंय. म्हणायच्या, 'आत कविता घोकताहेत, हळू बोला.' एकदा म्हटलं मी, सांगतो त्याला. तर हात धरला. म्हणाल्या, 'नका हो. म्हातारपणी खेळणं मिळालंय त्यांना.'"

खेळणं!

म्हटलं, मोगरी मिळाली ना? मग सुट.

'सुट'ला शिट्टी वाजली. तो हसला नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

फळ्यावरचं नाव पुसायला नको म्हणून गेलो. वाचनालयात तीसेक मुलं, सतरंजीवर. बाईंनी सांगितलं, आजोबा आज प्रत्यक्षच म्हणून दाखवणार. टाळ्या.

ओढ्याची कविता घेतली. 'शिळा'ला शिट्टी. पुढच्या रांगेत कुणी फिस्कन हसलं. 'पाणी पुढुनी जाई दूर', ही ओळ चांगली गेली. मग खोकला आला. तो काही थांबेना. चार दिवस आहेच, पण असा नव्हता. मुलं आधी हसली, मग एक मुलगी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आजोबा, बाहेर जाऊन खोका ना, ऐकू येत नाही."

बाहेर जिन्यात जाऊन बसलो. तिसरीच पायरी होती, मोजली नव्हती.

आतून बाईंचा आवाज येत होता. त्यांनी पुस्तकातून कविता पुरी केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

२९ सप्टेंबर, रविवार

मुलगी आज आली नाही. वाट बघून चारला मीच फोन लावला. सांगितलं, खोकला सुटत नाही, पायऱ्या चढताना धाप लागते, उद्या तुझ्या दवाखान्यात मला घेऊन जाशील का?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग बोलली. शांतपणे, एकेक शब्द सुटा, थेट माझ्या चालीत—

"कविता संपल्यावर. जीव नाही जात एवढ्याने."